भूजलाची कन्या गोमती

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे. त्याचा बहुतेक पृष्ठभाग प्रवाळजन्य चुनखडकाचा असल्यामुळे पावसाचे पाणी भूमीत झिरपते; मोठ्या नद्या तेथे नाहीत. लोकांची तहान मुख्यत्वेकरून भूजलच भागविते.

लखनौची गोमतीही भूजलाचीच कन्या होय. हिमालयातील बर्फाचे पाणी तिला मिळत नाही. पिलिभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तळ्यातून ती उगम पावते, आणि पावसाळा सरल्यावर गाळाच्या भूमीत साठलेले पाणी झऱ्यांवाटे येऊन तिला वाहती ठेवते. परंतु कूपनलिकांचा उपसा वाढून भूजलाची पातळी नदीच्या तळाखाली गेली, म्हणजे हे झरे आटतात. उलट नदीचेच पाणी जमिनीत मुरू लागते. म्हणून विहीर आणि नदी यांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे.