रुपेरी पडद्यावरील मुली

चित्रपटातील मुलगी म्हटली, की लाडकी लेक, आज्ञाधारक बहीण किंवा नायकाची वाट पाहणारी युवती पुष्कळदा डोळ्यांपुढे येते. कथा दुसऱ्याची असते. मुलगी केवळ तिची शोभा वाढविते. एकविसाव्या शतकात ब्रिटनमध्ये निघालेल्या काही चित्रपटांनी मात्र मुलीलाच कथेच्या मध्यभागी आणले.

२००२ साली प्रदर्शित झालेला, गुरिंदर चढ्ढा यांनी दिग्दर्शित केलेला 'बेंड इट लाइक बेकहॅम' हा त्यांपैकी एक होय. पश्चिम लंडनमधील एका शीख कुटुंबातील जेस हिला फुटबॉलचे विलक्षण वेड आहे. मुलीने स्वयंपाक शिकावा, असा आईचा आग्रह. म्हणून ती घरच्यांपासून लपवून मुलींच्या संघात खेळते. वडिलांच्या विरोधाचे कारण निराळे आहे. आफ्रिकेत असताना ते उत्तम क्रिकेट खेळत. परंतु इंग्लंडमध्ये आल्यावर गोऱ्यांच्या क्लबांनी त्यांना थारा दिला नाही. तो अपमान लेकीच्या वाट्यास येऊ नये, म्हणून ते तिला अडवितात. खेळ सोडल्याने आपले दुःख वाढलेच, हे अखेर त्यांना उमगते व ते तिला मैदानावर जाऊ देतात.

२०१९ सालच्या 'रॉक्स' या चित्रपटाच्या दिग्दर्शिका सारा गॅव्हरन. यातील शोला हिला मैत्रिणी 'रॉक्स' म्हणतात. एके दिवशी तिची आई घर सोडून जाते आणि धाकट्या भावाचा सांभाळ शोलावर येऊन पडतो. अधिकाऱ्यांना कळले, तर आपली ताटातूट होईल, या भीतीने ती कोणाला काही सांगत नाही. जिवलग मैत्रिणींनाही दुखविते. तरीही त्या तिला अंतर देत नाहीत.

हा चित्रपट इतका खरा का वाटतो? कथा लिहून मग मुली निवडावयाच्या, ही नेहमीची रीत येथे बाजूस ठेवली होती. लंडनमधील शाळकरी मुलींना एकत्र जमवून त्यांच्या गप्पा, थट्टामस्करी व रुसवेफुगवे आधी समजून घेण्यात आले आणि त्यांतूनच कथा आकारास आली. त्यांतील बहुतेकींनी पूर्वी अभिनय केलेला नव्हता. शोलाची भूमिका करणाऱ्या बकी बाक्रे हिला २०२१ साली ब्रिटिश चित्रपट अकादमीचे उदयोन्मुख कलावंताचे पारितोषिक मिळाले.

जेसचे वडील लेकीचे मन उशिरा ओळखतात. 'रॉक्स'च्या निर्मात्यांनी मुलींचे म्हणणे आरंभीच ऐकले. मुलींचे जीवन जाणावयाचे, तर प्रथम त्यांना बोलू द्यावे लागते, हेच खरे.