ओली खातेवही

दिवाळीच्या अंकात पुराची आठवण काढू नये म्हणतात. पण लक्ष्मीपूजनाच्या पाटावरची कोरी वही पाहिली की मला एक ओली वही हटकून आठवते.

२२ जुलै २०२३ चा तो शनिवार. पावसाने यवतमाळ जिल्ह्याला झोडपून काढले होते. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले आणि तिथल्या माणसांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. ते सर्वांनी वाचले. इकडे वाघाडी फुगली आणि आमच्या किराणावाल्याच्या दुकानात कमरेइतके पाणी शिरले, ते कोण छापणार?

साखर विरघळली, पोती तेवढी उरली. तूरडाळ फुगून पोत्यांची शिवण उसवली. मालाचा पंचनामा झाला. त्या पावसाळ्यात सरकारने दुकानदारांना ५०,००० आणि टपरीवाल्यांना १०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. पण उधारीचा पंचनामा कसा व्हावा? आमच्याकडे पेरणीच्या दिवसांतली उधारी कापूस विकला म्हणजे फिटते. म्हणजे पूर आला तो वही सर्वांत भरलेली असताना! आणि हा गृहस्थ हौसेने शाईच्या पेनाने लिहिणारा. पंख्याखाली एकेक पान सुटे करून त्याने वाळवले. नावे कुठे कुठे लागत होती, आकडे मात्र निळ्या डागांत बुडाले होते.

“पोत्यातला माल मोजता येते जी सर, लोकांकडचा कसा मोजाव?” तो म्हणाला. मग हळूच, “तुमचे किती होते?”

मी ९०० सांगितले. घरी सौभाग्यवतीने तिची टिपणवही पुढे केली: १,७४०! मराठीचा प्राध्यापक गणितात कच्चा असायचाच, अशी मी मनाची समजूत घालू पाहिली. पण चूक नेमकी माझ्याच फायद्याची का व्हावी, याचे उत्तर सापडेना. संध्याकाळी रक्कम घेऊन गेलो. तिथे धोतरातले एक म्हातारे शेतकरी उभे होते. पिकाची माती झालेली, पैसे नव्हतेच. ते फक्त आपला आकडा सांगायला आले होते.

आता त्या दुकानात भिंतीवर गेरूची रेघ आहे. रेघेखाली बादल्या, खराटे, नारळ. साखर, डाळी, वजनकाटा वर. मे महिन्यातच तो फळ्या चढवून घेतो, साखर थोडी थोडीच भरतो. वही वरच्या खुंटीला, प्लास्टिकच्या पिशवीत असते. शाईचे पेन त्याने मुलाला देऊन टाकले. पेन्सिलीचे लिहिणे पाण्याने जात नाही, हे त्याला कळले आहे. परवा माझे नाव लिहिताना त्याने पेन्सिलीला टोक काढले आणि विचारले, “सर, बाईंच्या वहीतही लिहून घेता ना?”