उजनीच्या फुगवट्यावरचे पाहुणे



भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. गावं-शिवारं पाण्याखाली गेली, पण त्याच पाण्यावर आपला ऊस उभा राहिला. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की भिगवण, कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. चोच उलटी धरून चिखलातले बारीक जीव गाळून खातात. हिमालय ओलांडून पट्टकादंबही येतात. बघायला येणाऱ्यांना नावेतून फिरवून मच्छीमारांच्या घरात चार पैसे येतात.

पण उसाला टाकलेलं जादा खत अन् औषध ओढ्या-नाल्यानं याच पाण्यात उतरतं. तेव्हा माती तपासूनच खताचा हप्ता द्यावा. फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नये. नाववाल्यांनी थव्यात नाव घालू नये. पाहुणा उठून गेला, तर घराची शोभा जाते.