मांजराच्या झोपेच्या मापाची खाट

पाळीव मांजर दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारणतः १२ ते १६ तास झोपेत किंवा हलक्या गुंगीत घालवते, त्यामुळे ज्या घरात ते राहते त्या घराशी त्याचा सर्वांत दीर्घ संबंध येतो तो झोपण्याच्या जागेतून. असे असूनही मराठी घरांत मांजरासाठी वेगळा बिछाना करण्याची रीत नव्हती, कारण तिची गरजच पडत नसे. चुलीतली राख निवत आली की वैलाशेजारी मिळणारी ऊब, माळ्यावरचा अडगळीचा कोपरा, कणगीमागची अंधारी सांद, गोठ्यातला कोरडा पेंढा, या जागा मांजर आपली आपण निवडत असे आणि ऋतू पालटला की जागाही पालटत असे. चूल गेली, माळे गेले, कणगी गेल्या. शहरी सदनिकेत उरली ती गुळगुळीत, थंड फरशी आणि माणसांची गादी. मांजरासाठी लाकडाची साधी खाट बनवणे म्हणजे त्या हरवलेल्या जागांची ऊब, उंची आणि आडोसा एका वस्तूत परत आणणे होय, आणि सुतारकामाचा सारा तपशील या एका हेतूवरूनच ठरवावा लागतो.

मांजराला ऊब इतकी का लागते याचे उत्तर त्याच्या कुळात सापडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने पाळीव मांजरांचे मूळ आफ्रिकी रानमांजराच्या पश्चिम आशियातील वंशात असल्याचे दाखवले, आणि सायप्रस बेटावरील शिलूरोकाम्बोस येथील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात, ज्याची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले. कोरड्या, उष्ण प्रदेशातल्या या प्राण्याचे शरीर आजही त्याच हवेच्या हिशेबाने चालते. ज्या तापमानात शरीराची उष्णता टिकवण्यासाठी किंवा बाहेर टाकण्यासाठी प्राण्याला जादा ऊर्जा खर्ची घालावी लागत नाही, त्याला शरीरशास्त्रात औष्णिक समतोलाचा पट्टा म्हणतात. मांजरासाठी तो साधारणतः ३० ते ३८ अंश सेल्सिअस मानला जातो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा मांजर अंगाचे वेटोळे करून नाक शेपटीखाली का दडवते, हे यावरून समजते: वेटोळ्यामुळे हवेला उघडे पडणारे अंग कमी होते आणि पोटाची ऊब पोटापाशीच राहते. उलट मे महिन्यात, नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, तेच मांजर हातपाय ताणून लांबच लांब पसरते. ज्या बिछान्यात यांपैकी एकच झोप मावते तो वर्षातले निम्मे महिने रिकामा राहणार हे उघड आहे, आणि बाजारातल्या गोल, खोलगट गाद्यांकडे मांजरे उन्हाळ्यात पाठ फिरवतात त्याचे कारणही हेच असावे.

आडोशाची गरज उबेइतकीच खरी आहे, कारण मांजर जसे शिकारी आहे तसेच स्वतःहून मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे आणि झोपेत त्याला पाठीमागून कोणी येणार नाही याची खात्री हवी असते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवारा केंद्रात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी खोके दिले होते, त्यांच्यावरील ताण पहिल्या काही दिवसांत इतर मांजरांपेक्षा लवकर उतरला. म्हणून खाटेला तीन बाजूंनी कठडा आणि चौथ्या बाजूला आत शिरण्यासाठी खाच असावी, आणि कठडा इतकाच उंच असावा की मान त्यावर टेकवता येईल आणि मान उचलताच दार दिसेल.

माप घेण्याची उत्तम वेळ म्हणजे मांजर गाढ झोपलेले असताना. पसरलेल्या अवस्थेत नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर मोजले, तर तीन ते पाच किलो वजनाच्या देशी मांजराच्या बाबतीत ते साधारणतः ४५ ते ५० सेंटिमीटर भरते, आणि वेटोळे केलेले मांजर त्याहून बरेच कमी जागेत मावते. यावरून ५० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद अशी आतली मोकळी जागा बहुतेक मांजरांना पुरते. बोका थोराड असेल तर लांबी-रुंदी पाच-पाच सेंटिमीटरने वाढवावी. त्याहून मोठी खाट मात्र टाळावी, कारण अंगाला कठडा न लागणाऱ्या जागेत मांजराला सुरक्षित वाटत नाही.

लाकडाची निवड हा या कामातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. साग महाग असला तरी तो हवेतल्या ओलाव्याने फारसा फुगत वा आकसत नाही आणि अंगच्या तेलामुळे वाळवीला सहसा दाद देत नाही. शिवाय एवढ्या लहान वस्तूला नवा साग घेण्याचे कारणही नाही. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी किंवा वाडे उतरवले जातात तिथे जुन्या फळ्यांचे तुकडे मिळू शकतात, आणि पन्नास-साठ वर्षे मुरलेले ते लाकूड वाकण्याचे थांबलेले असते. कोकणात फणसाचे पिवळसर लाकूड याच गुणाचे आहे, तर शिवणीचे लाकूड हलके आणि रंध्याला सोपे असल्याने नवशिक्याच्या हाताला अधिक मानवते. आंब्याची फळी स्वस्त पडते खरी, पण तिला भुंगेऱ्याची कीड लवकर लागते, तेव्हा ती घेतल्यास नीट वाळलेली आहे याची खातरजमा करावी. लाकडाचा भुसा दाबून केलेले तयार पत्रे मात्र या कामासाठी घेऊच नयेत. पावसाळ्यात ते कडेने फुगतात, शिवाय त्यांना बांधणाऱ्या चिकट द्रव्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा डोळ्यांना व श्वासाला झोंबणारा वायू दीर्घकाळ झिरपत राहतो, आणि मांजराचे नाक त्या पत्र्यापासून दिवसातले कित्येक तास बोटभर अंतरावर असणार आहे.

माल वाहून नेण्याच्या लाकडी चौकटी, ज्यांना बाजारात पॅलेट म्हणतात, त्यांच्या फळ्या वापरण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे आणि ती काटकसरीची आहे. मात्र आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या पॅलेटवर कीडनाशाची पद्धत सांगणारा छाप असतो तो आधी पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड केवळ तापवलेले, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये. जुन्या रंगवलेल्या खिडक्या-दारांच्या बाबतीत धोका शिशाचा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि तो घासून काढताना उडणारी धूळ माणसालाही घातक असते. अंगावर पडलेली धूळ मांजर जिभेने साफ करते, म्हणजे ती थेट पोटात जाते. जुने लाकूड घ्यायचे तर बिनरंगाचेच घ्यावे.

प्रत्यक्ष बांधणी एका सुटीच्या दिवसात होण्यासारखी आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या, १८ सेंटिमीटर रुंदीच्या चार फळ्या लागतात. त्यांपैकी दोन ४० सेंटिमीटर लांब आणि दोन ५३.६ सेंटिमीटर लांब, कारण लांब फळ्या आखूड फळ्यांची डोकी झाकतात आणि दोन्हीकडची १८ मिलिमीटर जाडी त्यांच्या लांबीत मिळवावी लागते. एका लांब फळीच्या वरच्या कडेला मधोमध २५ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर खोल खाच करवतीने कापून तिचे कोपरे कानशीने गोलसर करावेत. मांजर आत-बाहेर करते ते याच जागेतून. पाय म्हणजे ४ सेंटिमीटर चौरस जाडीचे आणि १२ सेंटिमीटर लांबीचे चार ठोकळे, जे चौकटीच्या कोपऱ्यांत आतून असे बसवावेत की त्यांचा निम्मा भाग चौकटीत राहील आणि उरलेले ६ सेंटिमीटर खाली निघतील. लांब फळ्यांच्या आतल्या अंगाला, दोन पायांच्या मध्ये, ४२ सेंटिमीटर लांबीची एकेक आधारपट्टी पायांच्या माथ्याशी समपातळीत जोडली की वरच्या पट्ट्यांना सलग टेकू मिळतो.

खाटेचा तळ सलग फळीचा न करता ४ सेंटिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्यांचा करावा. ५० सेंटिमीटरांत दहा पट्ट्या ४० सेंटिमीटर जागा घेतात आणि उरलेले १० सेंटिमीटर अकरा फटींत वाटले की प्रत्येक फट सुमारे ९ मिलिमीटरची होते, ज्यातून खालून हवा खेळते पण मांजराचा पंजा अडकत नाही. या फटींना आणखी एक कारण आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ वाढत नाही, परंतु तंतूंना आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, ओलाव्याने फुगते. चिपळूण वा महाडच्या जुलै महिन्यात घट्ट बसवलेला सलग तळ फुगून चौकटीचे सांधे उकलू शकतो, तर सुट्या पट्ट्यांची वाढ फटींत जिरून जाते. पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या न ठोकता एकेका बारीक स्क्रूने बसवल्या, तर स्वच्छतेसाठी त्या सोडवता येतात.

सांध्यांना सुतारकामाचा पांढरा डिंक आणि ४० मिलिमीटरचे स्क्रू पुरतात, मात्र प्रत्येक स्क्रूसाठी त्याहून बारीक भोक आधी पाडून घ्यावे, नाहीतर फळीच्या कडेला ती हमखास तडकते. फळीच्या डोक्यात, जिथे तंतू कापलेले असतात, स्क्रूची पकड कच्ची असते, म्हणून चौकटीचा मुख्य भार पायाच्या ठोकळ्यात दोन्ही फळ्यांतून शिरणाऱ्या स्क्रूंवर ठेवावा आणि ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून वर-खाली मारावेत. चारही कोपरे गुण्याने तपासून, डिंक वाळेपर्यंत चौकट दोरीने आवळून ठेवावी, आणि शेवटी ती सपाट फरशीवर ठेवून हलवून पाहावी. एक पाय केसभर आखूड राहिला तरी खाट डगडगते, आणि पाय ठेवताच डुलणाऱ्या वस्तूवर मांजर सहसा पुन्हा चढत नाही.

घासकामात घाई करणे हे या वस्तूच्या बाबतीत अक्षम्य आहे. ८० क्रमांकाच्या काचकागदापासून १२० आणि १८० करत २२० पर्यंत जावे, आणि पृष्ठभागावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून तो कुठेही अडकत नाही हे पाहावे, कारण पंजाच्या मऊ गादीत शिरलेली कुसळे मांजर चावून काढू पाहते आणि जखम चिघळते. त्यानंतर लाकडाला काय लावावे हा प्रश्न येतो, आणि इथे मांजराच्या यकृताची एक उणीव ध्यानात घ्यावी लागते. फिनॉल वर्गातील रसायनांना शर्करेच्या एका अंशाशी जोडून ती लघवीवाटे बाहेर टाकण्यासाठी जे एन्झाइम लागते, ते बनवणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे. परिणामी माणूस किंवा कुत्रा जी द्रव्ये पचवतो ती मांजराच्या शरीरात साचून विष बनतात. डांबरी तेल, वाळवी रोखण्यासाठी लावली जाणारी परमेथ्रिनसारखी औषधे, कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या आणि फरशी पुसण्याचे फिनाईल यांपैकी काहीही या खाटेला किंवा खाटेजवळ लागता कामा नये. चपडा लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेले पॉलिश पातळ तीन हातांत दिल्यास ते स्पिरिट उडून गेल्यावर निरुपद्रवी ठरते. जवसाचे तेलही चालते, पण साधे. दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळणाऱ्या तेलात ते लवकर सुकावे म्हणून बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेलाचे बोळे कधीही चुरगळून टाकू नयेत, कारण जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत. काहीही लावले तरी वास पूर्ण जाईपर्यंत खाट आठवडाभर वाऱ्यावर ठेवावी.

अंथरूण म्हणून जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीला तोड नाही. ती धुता येते, नखांत अडकेल असे तिचे धागे सुटे नसतात, आणि थंडीत दुहेरी, उन्हाळ्यात एकेरी करता येते किंवा काढून नुसत्या पट्ट्या उघड्या ठेवता येतात, म्हणजे एकाच खाटेत वेटोळ्याची आणि पसरलेली अशा दोन्ही झोपा होतात. गोधडीच्या खाली उरलेल्या पट्ट्यांच्या फटी पिसवांच्या दृष्टीने तपासत राहाव्यात, कारण पिसू राहते मांजराच्या अंगावर, पण तिची अंडी गळून अंथरुणात पडतात आणि अळ्या तिथेच वाढतात. अंथरूण कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे, पट्ट्या सोडवून झटकाव्यात. मात्र मांजराने नवी खाट स्वीकारेपर्यंत पहिले अंथरूण धुऊ नये.

ती स्वीकारली जाण्याचा मार्ग वासातून जातो. मांजर आजवर जिथे झोपत आले आहे तिथेच, म्हणजे खिडकीखाली, कपाटाच्या बाजूला किंवा शीतकपाटामागच्या उबेत, खाट पाठ भिंतीला लावून मांडावी आणि त्याच्या अंगाखालचे जुने, न धुतलेले फडके तिच्यात घालावे. म्हाताऱ्या मांजराचे सांधे आखडलेले असतात, तेव्हा खाचेसमोर एक बुटकी पायरी ठेवावी. तरण्या मांजराला मात्र खाट भक्कम मेजावर मांडून अधिक उंची दिलेली आवडते. त्याला उचलून आत ठेवू नये, हाका मारून बोलावू नये. कधी पहिल्या रात्री, कधी पंधरा दिवसांनी, ते आधी पुढचे दोन पाय ठेवून हुंगते आणि मग आत शिरून गोधडी पंजांनी तुडवू लागते. पुढे येता-जाता ते खाचेच्या कोपऱ्यावर गाल घासू लागते, कारण गालांवरच्या ग्रंथींतून झिरपणारा गंध ही त्याची जागा आपली केल्याची खूण असते, आणि काही महिन्यांत त्या कोपऱ्यावर एक तेलकट, काळसर डाग उमटतो. बाकी सारी खाट पुसावी, तेवढा डाग राहू द्यावा.