अठरा वर्षे पूर्ण, पुढे काय?

वाढदिवस हा आपण आनंदाचा दिवस मानतो. परंतु बालगृहात वाढलेल्या अनाथ मुलाला अठराव्या वाढदिवसाची धास्तीच असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच तो 'बालक'. त्यानंतर बालगृह सोडावे लागते.

अशा मुलांना एखादा धंदा शिकवला की प्रश्न सुटला, असे आपण सहज म्हणतो. जरा हिशेब करून पाहू. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यास २ वर्षे लागतात, आणि त्याआधी दहावी पास व्हावे लागते. शाळेत उशिरा आलेला मुलगा दहावी होतो सतराव्या वर्षी. म्हणजे कानस हातात नीट बसते न बसते तोच डोक्यावरचे छप्पर जाते! मग तो आयटीआय सोडून हॉटेलात कपबशा विसळतो. तिथे निदान जेवण आणि झोपण्यापुरती जागा मिळते.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. १८ ते २१ वर्षांच्या मुलांसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठेवले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांना शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षणही दिले. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी कचेरीत खेपा घालणार कोण?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. गेल्या वर्षी इंग्रजीत नापास होऊन घरी गेलो. वडील काही बोलले नाहीत. आईने ताट वाढले. पुढच्या परीक्षेत मी पास झालो. तेव्हा उमगले, की नापास होण्यासाठीसुद्धा घर लागते. अनाथ मुलाला ही एक चूक परवडत नाही.

म्हणून धंदेशिक्षण म्हणजे केवळ यंत्र आणि मास्तर नव्हे. शिक्षण संपून पहिला पगार हाती येईपर्यंत राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि 'हा आमचा आहे' म्हणणारे एखादे माणूस, हेही त्यातच धरले पाहिजे.

आपण विद्यार्थी खोली देऊ शकणार नाही. पण राष्ट्रीय सेवा योजनेतून जवळच्या बालगृहातील मुलांना दहावीचे गणित शिकवू शकतो आणि त्यांचे प्रमाणपत्राचे अर्ज अठरावे वर्ष लागण्यापूर्वी भरून देऊ शकतो. एवढे तरी करूया.