अंतिम डाव, बुद्धिबळातील : संगणकीय विश्लेषण
पटावर मोजकेच मोहरे उरले असता संभवणाऱ्या सर्व स्थितींचा, मातेपासून उलट क्रमाने मागे जात, संगणकाने केलेला निर्णय. प्रत्येक पक्षाच्या सलग ५० खेळ्यांत मोहरा मारला गेला नाही व प्यादेही हलले नाही, तर खेळाडूस बरोबरी मागता येते. १९८३ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्पसन यांनी दाखविले, की बरोबरीचा मानलेला ‘दोन उंट विरुद्ध घोडा’ हा डाव सामान्यतः जिंकता येतो. मात्र त्यास ६६ खेळ्यांपर्यंत लागू शकतात. अशा निष्कर्षांमुळे जागतिक संघटनेने काही डावांपुरती मर्यादा वाढविली. १९९२ मध्ये हे अपवाद रद्द झाले. २०१२ मध्ये मॉस्को येथे सिद्ध झालेल्या, राजे धरून सात मोहऱ्यांच्या कोष्टकांत मातेस ५०० हून अधिक खेळ्या लागणाऱ्या स्थिती आढळल्या. तरीही ५० खेळ्यांचा नियम टिकून आहे. कारण डाव जिंकता येतो की नाही हे तो ठरवीत नाही, तो कोठे थांबवावा एवढेच ठरवितो.