सूक्ष्मतरंग आकाशकांची उभारणी व भूसंपर्कन

सूक्ष्मतरंग आकाशकांची उभारणी व भूसंपर्कन : एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे सूक्ष्मतरंगांची (सु. ३० सेंमी. ते १ मिमी. तरंगलांबीच्या विद्युत् चुंबकीय तरंगांची) अरुंद शलाका पाठविणारे व ग्रहण करणारे मोठे आकाशक उंच मनोऱ्यावर बसविणे आणि तडिताघातापासून (वीज पडण्यापासून) त्यांचे व त्यांना जोडलेल्या उपकरणांचे रक्षण होईल अशा रीतीने मनोरा जमिनीशी विद्युतीय दृष्ट्या जोडणे, या दोन कामांचा येथे एकत्र विचार केला आहे. दुसऱ्या कामास भूसंपर्कन म्हणतात. व्यवहारात ते ‘अर्थिंग’ या नावाने परिचित आहे. एक काम यांत्रिक व दुसरे विद्युतीय म्हणून ती पुष्कळदा वेगवेगळ्या हाती सोपविली जातात. तथापि मनोऱ्याचे पोलाद दोहोंत समाईक असल्याने एका कामातील हयगय दुसऱ्यात बाधते.

उंचीची गरज : सूक्ष्मतरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे दोन्ही आकाशक एकमेकांना ‘दिसणे’ आवश्यक असते. ५० किमी. अंतराचा व ६ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा (५ सेंमी. तरंगलांबीचा) दुवा घेतल्यास, वातावरणातील नेहमीचे प्रणमन जमेस धरूनही मार्गाच्या मध्यावर पृथ्वीच्या वक्रतेमुळे सु. ३७ मी. उंचीचा फुगवटा आड येतो. शिवाय शलाकेभोवती फ्रेनेल परिमंडल या नावाने ओळखला जाणारा भाग मोकळा असावा लागतो. पहिल्या परिमंडलाची मध्यावरील त्रिज्या या उदाहरणात २५ मी. असून तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे १५ मी., निर्वेध ठेवतात. म्हणजे सपाट प्रदेशात दोन्ही टोकांस ५० मी.हून अधिक उंची लागते आणि वाटेतील झाडे व इमारती यांची उंची तीत मिळवावी लागते. म्हणून मनोरे उंच बांधतात किंवा डोंगरमाथे निवडतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क व बॉस्टन यांच्यामधील सूक्ष्मतरंग पुनर्क्षेपण मार्ग १९४७ मध्ये सुरू झाला व १९५१ मध्ये असा मार्ग खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचला. लंडन येथील टपाल खात्याचा मनोरा १९६५ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची उंची १७७ मी. असून माथ्यावरील दांड्यासह ती १८९ मी. होते. आकाशकांची दिशा ढळू नये म्हणून त्यास सडपातळ दंडगोलाकृती दिली असून ताशी १५० किमी. वेगाच्या वाऱ्यातही तो २५ सेंमी.पेक्षा अधिक सरकू नये असा त्याचा आराखडा होता. त्यावरील जुने शृंगाकार आकाशक २०११ मध्ये उतरविण्यात आले. मुख्य मार्गांवर प्रकाशीय तंतूंनी सूक्ष्मतरंगांची जागा घेतली असली, तरी डोंगराळ प्रदेश, बेटे व तंतू टाकणे अवघड असलेली ठिकाणे येथे मोठे आकाशक वापरात आहेत.

वाऱ्याचा भार व पकड : ३ मी. व्यासाच्या अन्वस्तीय (पॅराबोलाकृती) परावर्तकाची ६ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेस शलाका सु. १·२° रुंद असते. आकाशक मध्यापासून सु. ०·६° वळला की समोरच्या ठाण्यास मिळणारी शक्ती निम्मी होते, ५० किमी. अंतरावर या कोनामुळे शलाकेचा मध्य जवळजवळ अर्धा किमी. बाजूस सरकतो. म्हणून मनोरा पडणार नाही एवढे पाहून भागत नाही, तर त्याचा झोल व विशेषतः पीळ मर्यादेत राहावा लागतो. ताणदोरांनी उभे केलेले डोलकाठीसारखे मनोरे स्वस्त असले, तरी त्यांस पीळ लवकर पडतो. मोठ्या आकाशकांकरिता रुंद तळाचा, चार पायांचा स्वयंस्थिर जाळीदार मनोरा अधिक भरवशाचा असतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) नुसार मुंबईकरिता मूलभूत वाऱ्याचा वेग से.ला ४४ मी. व पुण्याकरिता ३९ मी. धरतात. ४४ मी. वेगास ३ मी. व्यासाच्या उघड्या परावर्तकावर समोरून येणारा भार सु. १,१५० किग्रॅ. भरतो. उंचीनुसार व डोंगरमाथ्यामुळे वेग वाढतो, तो हिशोब वेगळा. परावर्तक ज्या उभ्या नळीवर बसवितात तिच्या अक्षापासून तो बाजूस असतो, त्यामुळे वारा तिरपा आल्यास तो नळीभोवती फिरू पाहतो. यासाठी परावर्तकाच्या कडेपासून मनोऱ्यापर्यंत एक वा दोन आधारदांडे देतात. दांडा मनोऱ्याच्या मुख्य पायास किंवा भक्कम आडव्या घटकास बांधावा; जवळ पडते म्हणून बारीक तिरप्या पट्टीस बांधल्यास ती पट्टीच वाकते आणि एखाद्या वादळानंतर दुवा क्षीण का झाला याचा शोध उपकरणांत घेतला जातो.

आकाशक कप्पी व दोर यांच्या साहाय्याने चढवितात आणि तो मनोऱ्यावर आपटू नये म्हणून खालून दुसऱ्या दोराने दूर धरतात. दिशा जुळविताना मुख्य शलाकेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या दुय्यम पाळ्यांपैकी एखादीवर आकाशक स्थिर होण्याची चूक वारंवार होते. म्हणून तो दोन्ही बाजूंस पुरेसा फिरवून सर्वांत मोठे शिखर शोधावे लागते.

तडित् प्रवाहाचे स्वरूप : स्वित्झर्लंडमधील मोंते सान साल्व्हातोरे या पर्वतावरील मनोऱ्यांवर कार्ल बर्गर यांनी केलेल्या दीर्घकालीन मापनांवरून पहिल्या ऋण आघाताच्या शिखर प्रवाहाचे मध्यक मूल्य सु. ३० किलोअँपिअर असल्याचे आढळले. उंच मनोऱ्यांवर वीज नुसती पडत नाही, तर पुष्कळदा मनोऱ्याच्या टोकापासूनच वर ढगाकडे विसर्जन सुरू होते [⟶ तडित्]. प्रवाह ज्या वेगाने वाढतो तोच येथे निर्णायक असतो. सुट्या सरळ संवाहकाची प्रवर्तकता दर मीटरला सु. १ मायक्रोहेन्री असते. तीतून प्रवाह दर मायक्रोसेकंदास ३० किलोअँपिअर या त्वरेने वाढल्यास प्रत्येक मीटर लांबीवर ३०,००० व्होल्ट दाब निर्माण होतो, मग तार कितीही जाड असो. मनोऱ्याच्या चार पायांत प्रवाह विभागल्याने हा आकडा घटतो, पण नाहीसा होत नाही. तारेस काटकोनी वळण किंवा वेटोळे असल्यास प्रवर्तकता वाढते. म्हणून भूसंपर्काच्या तारा आखूड, सरळ व सौम्य वळणाच्या असाव्या लागतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. भूसंपर्काचा रोध ५ ओहम एवढा कमी असला, तरी ३० किलोअँपिअर प्रवाहास संपूर्ण ठाणे दूरच्या जमिनीच्या तुलनेने १,५०,००० व्होल्टवर जाते. ठाण्यातील सर्व धातू एकाच वेळी इतकेच वर गेले, तर उपकरणांस इजा होत नाही. इजा होते ती दोन भागांच्या दाबांत फरक पडला म्हणजे. रोधाचा आकडा कमी करण्यावर जेवढा खर्च होतो तेवढे लक्ष भाग एकमेकांस जोडण्याकडे दिले जात नाही, हे दुर्दैवाचे आहे. उपकरणांसाठी वेगळा ‘शुद्ध’ भूसंपर्क ठेवण्याची पद्धत तर धोक्याचीच आहे. मनोऱ्याभोवतीचे व इमारतीभोवतीचे कडे, वीजपुरवठ्याचा भूसंपर्क, विद्युत् घटमालेचे भूसंपर्कित अग्र व बाहेरून येणाऱ्या केबलींची आवरणे ही सर्व एका जाळ्यात बांधली पाहिजेत.

तरंग मार्गदर्शक (सूक्ष्मतरंग वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) आकाशकाजवळ, मनोऱ्याच्या तळाशी व इमारतीत शिरण्याच्या जागी अशा निदान तीन ठिकाणी भूसंपर्कित करतात. यांपैकी तळाजवळची जोडणी विशेष महत्त्वाची असून ती नळी इमारतीकडे वळण्यापूर्वी करतात. नळी जमिनीपासून बरीच वर असतानाच मनोरा सोडून इमारतीकडे वळली, तर मनोऱ्याच्या खालच्या भागावरील दाब तिच्यामार्फत थेट उपकरणांपर्यंत जातो.

जोडणी करताना मनोऱ्याच्या पायास भोक पाडू नये व वितळजोडही करू नये. त्याने जस्ताचा लेप जातो व पाय दुर्बल होतो. पकडपट्टी वापरावी आणि तिच्याखालील रंग खरवडून काढावा, कारण रंगावर बसविलेली पट्टी दिसायला घट्ट असली तरी विद्युतीय दृष्ट्या सुटी असते. उघडे तांबे जस्तलेपित पोलादास लागल्यास ओलाव्यात जस्त झिजते, म्हणून कल्हई केलेले तांबे किंवा मध्ये अगंज पोलादाचा तुकडा वापरतात.

खडकाळ जमीन : काळ्या मातीत भूसंपर्क सहज मिळतो, परंतु मनोरे असतात ते सह्याद्रीसारख्या डोंगरांच्या बेसाल्टी माथ्यांवर. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत ठोकलेल्या ३ मी. लांब व १६ मिमी. व्यासाच्या एकट्या गजाचा रोध सु. ३३ ओहम येतो. खडकाची रोधकता १,००० ओहम-मीटर धरल्यास तो दहापट होतो, आणि मुळात गज आत जातच नाही. अशा ठिकाणी मनोऱ्यापासून चहूकडे मातीच्या थरातून पट्ट्या पसरतात. एकच लांब पट्टी टाकण्यापेक्षा अनेक आखूड पट्ट्या बऱ्या, कारण वेगाने वाढणारा प्रवाह पट्टीच्या दूरच्या टोकापर्यंत वेळेत पोहोचत नाही. पायातील काँक्रीट ओलावा धरून ठेवते, म्हणून त्यातील सळयाही जाळ्यास जोडतात. ही युक्ती हर्बर्ट उफर यांनी दुसऱ्या महायुद्धकाळात ॲरिझोनाच्या कोरड्या जमिनीत योजिली व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रात एक अडचण अशी की, विजांचा जोर वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, मोठा असतो आणि नेमकी तेव्हाच माथ्यावरील माती सर्वांत कोरडी असून तिची रोधकता सर्वाधिक असते. पावसाळ्यानंतर घेतलेले मापन समाधानकारक दिसते, पण ते फसवे असते. मापन मार्च-एप्रिलमध्ये करावे व त्याच वेळी प्रत्येक पकडपट्टी हाताने तपासावी. तांब्याच्या पट्ट्या निर्जन ठाण्यांवरून चोरीस जातात, त्यामुळे तेथे जस्तलेपित पोलादी पट्ट्या वापरतात. त्या गंजतात, म्हणून काही वर्षांनी एखाद्या ठिकाणी खणून पाहणे आवश्यक असते.